जुन्या कीबोर्डवाल्या व्हिडिओ गेममध्ये रास्पबेरी पाय बसवतेय, मदत हवी

मोर्णाकाठ:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांगा.

आमच्या घरी माळ्यावर एक कीबोर्डवाला व्हिडिओ गेम होता. आठवत असेल बऱ्याच जणांना, दिसायला अगदी कॉम्प्युटरचा कीबोर्ड, वरच्या बाजूला कॅसेट घालायची खाच, दोन पॅड, आणि मागून पिवळी-पांढरी वायर टीव्हीला. मी सातवीत असताना बाबांनी तो आणला तेव्हा दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की हा टीव्हीला लावला की कॉम्प्युटर होतो. आणि खरं सांगू का, माझ्यासाठी तो झालाच. एका कॅसेटमधे टायपिंग होतं आणि बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा होती. प्रोग्राम सेव्ह करायची सोयच नव्हती, बटण बंद केलं की सगळं गेलं, म्हणून मी प्रोग्राम वहीत उतरवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत सगळा टाइप करायचे. ती वही अजून आहे माझ्याकडे. दादा गेम खेळायचा आणि मी त्याचा खेळ संपायची वाट बघत बसायचे.

आता दादाची मुलगी सहावीत गेलीय, तिला शाळेत स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं) शिकवायला लागलेत, घरी कॉम्प्युटर नाही, मोबाइलवर ते होत नाही. माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ आहे, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा अख्खा कॉम्प्युटर, २ जीबीवाला, कॉलेजच्या लॅबमधे प्रोजेक्टसाठी घेतलेला आणि नंतर पडून होता. तर डोक्यात असं आहे की या जुन्या खोक्यातच पाय बसवायचा, तोच कीबोर्ड चालला पाहिजे, तेच दोन पॅड चालले पाहिजेत, आणि तिला त्यावर मराठी टाइप करता आलं पाहिजे. बाहेरून वेगळा यूएसबी कीबोर्ड लावायचा नाहीये, मग त्या खोक्याला काही अर्थच उरत नाही.

खोकं उघडून बघितलं. जुना बोर्ड चालू होत नाही, म्हणजे लाल दिवा लागतो पण टीव्हीवर नुसता करडा पडदा येतो. कीबोर्ड मेंब्रेनचा आहे, त्याची एक प्लास्टिकची शेपटी निघते आणि बोर्डावरच्या सॉकेटमधे जाते, त्यात २१ पट्ट्या मोजल्या. सोल्डरिंग येतं मला, लॅबमधेच काम करते. पण मेंब्रेन कीबोर्ड यूएसबीवर कसा आणायचा, आणि जुना ९ व्होल्टचा अडॅप्टर आहे तोच वापरता येईल का, हे विचारायचंय. फोटो जोडलेत.

तापकीर_गल्ली:

ताई, फोटो मस्त आलेत. आधी पॉवरचं बोलतो कारण तिथेच लोकांचे रास्पबेरी पाय जळतात.

तो जुना अडॅप्टर अजिबात वापरू नका. एक तर तो ट्रान्सफॉर्मरवाला आहे, वर ९ लिहिलेलं असलं तरी लोड नसताना मीटर लावून बघा, १२च्या वरही दाखवेल. दुसरं म्हणजे पोलॅरिटी. तुमचं खोकं ज्याची नक्कल आहे त्या मूळ फॅमिकॉमच्या (निन्टेंडोच्या जपानी यंत्राच्या) अडॅप्टरला आतली पिन निगेटिव्ह आहे आणि त्याच्या नकला करणाऱ्यांनी कधी तसंच ठेवलं, कधी उलटं केलं, त्यामुळे अंदाजाने काहीही जोडायचं नाही. तिसरं, तुमच्या बोर्डावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्क्रूने लावलेला जो तीन पायांचा काळा तुकडा दिसतोय तो ७८०५ आहे, ५ व्होल्ट करून देणारा रेग्युलेटर. काही जण म्हणतात त्याच्यातूनच ५ व्होल्ट घेऊ. पाय ४ जोर लावून चालला आणि त्याने दीड अँपिअर ओढला तर ९ मधून ५ करताना ६ वॅट नुसती उष्णता होणार, तीही बंद प्लास्टिकच्या डब्यात. आणि ७८०५ची झेपही तेवढीच असते.

पाय ४ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा चांगला टाइप-सी अडॅप्टर लावा. मोबाइलचा पडलेला चार्जर लावून व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की स्क्रीनवर कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं, आणि तसंच दामटलं की एके दिवशी एसडी कार्ड खराब होतं. माझं दोनदा झालंय. आतून एक्स्टेन्शन वायर टाकणार असाल तर आखूड आणि जाड घ्या, बारीक वायरीतच अर्धा व्होल्ट जातो.

कल्याण_लोकल:

एवढं करण्यापेक्षा पाय ४०० घ्या ना, २०२० पासून मिळतो, कीबोर्डातच अख्खा कॉम्प्युटर, ४ जीबी रॅम. पोरीचा अभ्यास महत्त्वाचा असेल तर वेळ वाचेल.

मोर्णाकाठ:

@कल्याण_लोकल पटतंय, आणि कोणी मला नुसतं "मुलीसाठी काय घेऊ" असं विचारलं तर मीही तेच सांगेन. पण हे खोकं उघडताना ती माझ्या शेजारी बसून होती, स्क्रू मोजून वाटीत ठेवत होती, आणि तिने विचारलं की आतमधे कॉम्प्युटर कुठे असतो. ते तिला दाखवायचंय. विकत आणलेला बंद डबा उघडायला मी तिला देणार नाही, हा देईन.

@तापकीर_गल्ली खूप आभार. मीटर लावून बघितलं, लोड नसताना १३.४ दाखवतोय! आतली पिन निगेटिव्हच निघाली.

जुनं_ते:

धागा वाचला आणि राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. ताई, कृपा करून तो बोर्ड इतक्यात काढू नका.

फोटो मोठा करून बघितला. तुमच्या बोर्डावर काळ्या लाखेचा ठिपका नाहीये, दोन मोठ्या ४० पायांच्या चिप आहेत आणि त्यांच्यावर यूए६५२७पी आणि यूए६५३८ असं दिसतंय. या तैवानच्या यूएमसीच्या चिप, पहिली प्रोसेसरची नक्कल आणि दुसरी चित्र काढणाऱ्या चिपची. नंतर नंतर सगळं एकाच सिलिकॉनमधे कोंबून वर लाखेचा थेंब टाकलेले बोर्ड आले, ते ढिगाने सापडतात. सुट्या चिपवाले, त्यातही कीबोर्डवाले, आता भंगारातसुद्धा क्वचित दिसतात. मी पुण्याच्या जुन्या बाजारात दर बुधवार-रविवार फिरतो म्हणून सांगतोय.

आणि करडा पडदा म्हणजे बोर्ड मेला असं नाही. बहुतेक वेळा कॅसेटची खाच काळी पडलेली असते. ६० पिना आहेत त्यात, त्यातली एक जरी नीट लागली नाही तरी प्रोसेसरला प्रोग्रामच वाचता येत नाही. आपण सगळ्यांनी लहानपणी कॅसेटमधे फुंकर मारलीय, त्या फुंकरीतल्या ओलाव्यानेच पिना काळ्या होतात. कॅसेटच्या पट्ट्या साध्या पांढऱ्या खोडरबराने पुसा. खाचेसाठी जुनं एटीएम कार्ड घ्या, त्यावर पातळ सुती कापड गुंडाळा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि दहा-बारा वेळा आतबाहेर करा. पॉलिश पेपर लावू नका, पिनांवरचा मुलामा जातो. अर्धा तास वाळू द्या मग लावून बघा. नाहीच चालला तर मग खुशाल पाय बसवा, माझी काही हरकत नाही.

मोर्णाकाठ:

चालू झाला!!!

कापडावर किती काळं आलं सांगू. तीन वेळा कापड बदललं. पहिल्यांदा लावला तर चौकोनच चौकोन, कॅसेट काढून परत घातली आणि मेनू आला. वेगळा लॅबचा पॉवर सप्लाय लावलाय, तो अडॅप्टर नाही. बाबांना हाक मारली, ते आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले आवाज कमी कर, शेजारी झोपलेत. मग खुर्ची ओढून बसले. बेसिक काढलं, वही आणली, पहिल्या पानावरचा प्रोग्राम टाइप केला आणि चालला. ए, जी आणि स्पेस दाबायला जोर लागतो, बाकी ठीक.

पण आता पंचाईत झालीय. चालणारा बोर्ड काढून टाकायला हात होत नाही, आणि पुतणीला स्क्रॅच तर पाहिजेच. काय करू?

जुनं_ते:

वाचून अंगावर काटा आला. आता एकच विनंती. जे कराल ते परत उलटं करता येईल असं करा. खोक्याला नवीन भोक नको, आतले खांब कापायचे नाहीत, बोर्डावरचं सॉकेट उपटायचं नाही. बोर्ड काढून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा, प्रत्येक स्क्रू कुठला ते चिठ्ठीवर लिहा.

रंकाळा:

ताई, माझ्याकडं सेम टू सेम मॉडेल मेलेल्या अवस्थेत पडलंय. पुराचं पाणी शिरलेलं, चिप गंजून पाय तुटल्यात. बोर्ड, कीबोर्डाचं सॉकेट आणि एक रिकामी कॅसेट पाठवून देतो, त्या सॉकेटवर तुमची शेपटी बसंल, म्हणजे तुमच्या बोर्डाला हात लावायला नको. पैसे बियसे काय नकोत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बाईंचा_वर्ग:

मी निवृत्त शिक्षिका, वय ७१, तांत्रिक गोष्टी सगळ्या कळत नाहीत पण धागा रोज उघडून बघते आहे.

१९८४ साली सरकारने शाळांसाठी क्लास नावाची योजना आणली तेव्हा आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर आले होते, पुढे त्याचंच इथे बनलेलं एससीएल युनिकॉर्न नावाचं यंत्रही होतं. एका यंत्रापुढे सात-आठ मुलं बसायची आणि जो कीबोर्डजवळ असे तोच शिकायचा, बाकीची त्याच्या खांद्यावरून बघायची. मुली बहुतेक मागे. मी शिट्टी वाजवून दर दहा मिनिटांनी जागा बदलायला लावायचे.

माझ्या भाच्याने सांगितलं की रास्पबेरी पायच्या पहिल्या मॉडेलांना ए आणि बी ही नावं बीबीसी मायक्रोवरूनच दिली आहेत. मला फार बरं वाटलं ऐकून. मोर्णाताई, तुमच्या पुतणीने पहिला प्रोग्राम केला की इथे लिहा, मी वाट बघते.

मोर्णाकाठ:

बाई, नक्की लिहीन. दादा गेम खेळत असताना मी मागे बसायचे ते आठवलं.

@रंकाळा तुमचं पार्सल मिळालं, इतकं नीट गुंडाळलेलं होतं की उघडायला वीस मिनिटं लागली. कसे आभार मानू कळत नाही.

तर आता कीबोर्डाचं काम. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

मेंब्रेन म्हणजे प्लास्टिकचे दोन पातळ पडदे, त्यांच्यावर वाहक शाईच्या रेघा, मधे भोकं असलेला तिसरा पडदा. की दाबली की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. म्हणजे प्रत्येक की ही एका आडव्या आणि एका उभ्या रेघेची भेट. कुठल्या दोन रेघा ते शोधायला मीटर कंटिन्युइटीवर लावला तर बीपच वाजेना, मग लक्षात आलं की या शाईचा रेझिस्टन्सच काहीशे ओहम आहे, बीप त्याच्या खाली वाजते. ओहमच्या रेंजवर ठेवला आणि एकेक की दाबून वहीत टिपत गेले. दोन संध्याकाळी गेल्या. पुतणी की दाबायची आणि नाव सांगायची, मी प्रोब फिरवायचे. शेवटी १३ आडव्या आणि ८ उभ्या अशा २१ निघाल्या.

ए, जी आणि स्पेस ज्या जड जात होत्या त्या एकाच रेघेवर आहेत असं या टिपणावरूनच कळलं. शेपटी जिथे दुमडते तिथे ती रेघ तडकली होती. प्लास्टिकवर सोल्डर होत नाही, वितळतं. गाडीच्या मागच्या काचेवर डिफॉगरच्या रेघा असतात त्या दुरुस्त करायला वाहक रंगाची छोटी बाटली मिळते, तो सुईच्या टोकाने लावला, रात्रभर वाळवला, आता तिन्ही की हलक्या चालतात.

रंकाळाच्या बोर्डावरचं सॉकेट काढून झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) लावलं आणि तिथून वायरी रास्पबेरी पाय पिकोला. मोठा पाय नाही, तो छोटा पिको, २०२१ मधे आलेला. तो यूएसबीने मोठ्या पायला जोडला की मोठ्याला वाटतं साधा कीबोर्ड लावलाय. वर केएमके नावाचं फर्मवेअर आहे, पायथन या भाषेतच लिहायचं, कुठल्या भेटीवर कुठलं अक्षर एवढं कोष्टक भरून द्यायचं. ते कोष्टक म्हणजे आमची वहीच. पिकोच्या कडेला २६ पिना मोकळ्या मिळतात, २१ इथे गेल्या, ५ उरल्या.

आणि पॅड पण त्याच पिकोवर. या पॅडात ८ बटणांसाठी ८ वायरी नसतात. पिको लॅच नावाच्या तारेवर एक टिचकी देतो, त्या क्षणी पॅड आठही बटणांची स्थिती धरून ठेवतो, मग क्लॉकच्या एकेका ठोक्याला एकेक बटण सांगतो, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं, याच क्रमाने. लॅच आणि क्लॉक दोन्ही पॅडना एकच चालतात, डेटाची तार वेगळी, म्हणजे दोन पॅडना मिळून ४ पिना. पॅडला ५ व्होल्ट दिले तर डेटाच्या तारेवर ५ येणार आणि पिको ३.३चा आहे, म्हणून पॅडलाच ३.३ दिले, आरामात चालतात.

तापकीर_गल्ली:

क्या बात है. वाखुसा (वाचनखूण साठवली). अशी माहिती मराठीत कुठेच सापडत नाही.

बटणाचं सांगतो. जुन्या खोक्याचं पॉवरचं बटण सरळ वीज तोडायचं, पायला तसं करू नका, कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडतात. तुमच्या खोक्याला रिसेटचं बटण आहे ना, ते पायच्या ५ आणि ६ नंबरच्या पिनांमधे जोडा आणि कॉन्फिगच्या फाइलमधे जीपीआयओ (वायरी जोडायच्या पिना) शटडाउनची एक ओळ टाका. एकदा दाबलं की व्यवस्थित बंद होतो, परत दाबलं की त्याच पिनेवरून जागा होतो. लाल दिवा १४ नंबरच्या जीपीआयओवर ३३० ओहम मधे घालून लावा आणि यूआर्ट (सिरीयल पोर्ट) चालू ठेवा, पाय चालू आहे तोवर लाल, पूर्ण बंद झाला की विझतो.

आणि तुम्ही अकोल्याच्या उन्हात आहात हे विसरू नका! पाय ४ ८० अंशाला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो.

मोर्णाकाठ:

@तापकीर_गल्ली विसरून कसं चालेल, काल दुपारी खोलीतच ४१ होतं. झाकण लावून, हीटसिंक न लावता मुद्दाम जोर देऊन बघितलं तर सहा मिनिटांत ८०. मग ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंक आणि ५ व्होल्टचा छोटा पंखा बसवला, पण पंखा ३.३वर लावला, हळू फिरतो आणि आवाज येत नाही. आता त्याच खोलीत ६८च्या वर जात नाही. हवा कुठून जाते, तर खोक्याच्या तळाला आधीपासूनच जाळी आहे, जुन्या ७८०५साठी ठेवलेली, बरोबर तिच्यावरच पंखा आलाय.

@जुनं_ते एकही भोक पाडलं नाही. जुन्या बोर्डाच्या आकाराचा ॲक्रेलिकचा तुकडा कापून घेतला, भोकं जुन्या स्क्रूंच्या जागी, त्यावर पाय आणि पिको. आणि रंकाळाची रिकामी कॅसेट आहे ना, तिच्यात एचडीएमआय, यूएसबी आणि टाइप-सीची तोंडं बसवलीत, आतून आखूड वायरींनी पायला. कॅसेट खाचेत घातली की जोडण्या वर येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कॅसेट लावून ठेवलीय.

खोकं पिवळं पडलंय त्याचं काय करू? हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन असं वाचलं.

जुनं_ते:

कॅसेटची कल्पना फारच आवडली. ती कॅसेट उपसली आणि ॲक्रेलिक काढलं की मूळ यंत्र जसंच्या तसं, याहून काय हवं.

पिवळं राहू द्या असं माझं मत. एबीएस प्लास्टिकमधे आग लागू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घालतात, ती आणि प्लास्टिक दोन्ही उजेडाने पिवळे पडतात. पेरॉक्साइडने पांढरं होतं पण काही वर्षांत परत पिवळं होऊ शकतं, आणि तुमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात द्रव जागोजागी वाळला तर कायमचे पट्टे उमटतील. कींवरची छापील अक्षरं उडायचीही भीती. साबणाच्या पाण्याने धुवा, पुरे.

अटलांटिकपार:

उशिरा आलो धाग्यावर, न्यू जर्सीतून. गेम पण टाकलेत का त्यावर? मी इकडे असाच एक बनवला होता (साध्या खोक्यात) आणि मला सारखं वाटत होतं की मारिओ जोरात पळतोय. बायको म्हणाली तुझं वय झालं. पण तसं नव्हतं.

मोर्णाकाठ:

अगदी हेच! रेट्रोपाय (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, आमच्याच कॅसेटमधले गेम उतरवून घेतले, दादा खेळायला बसला आणि म्हणाला हे काहीतरी वेगळं आहे, मला उडी जमत नाहीये. गाणं पण घाईघाईत वाजतं. मला वाटलं पॅडच्या कोडमधे माझंच काही चुकलं, दोन दिवस तेच शोधतेय.

अटलांटिकपार:

तुमचं काहीच चुकलं नाहीये ताई. जपान आणि अमेरिकेतलं यंत्र सेकंदाला ६० चित्रं काढायचं कारण तिथले टीव्ही तसे. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, ६२५ रेघांचे, ५० हर्ट्झचे. म्हणून आपल्याकडे आलेल्या यंत्रांत यूए६५३८सारखी वेगळी चित्राची चिप घातली, ती ५० चित्रं काढते. गेमचं सगळं घड्याळ चित्रांवर चालतं, मारिओ प्रत्येक चित्राला किती सरकायचं ते ठरलेलं, गाण्याचा पुढचा सूरही चित्रं मोजूनच येतो. म्हणजे ६० ऐवजी ५० झाली की सगळा खेळच सहाला पाच या हिशोबाने सावकाश. पण प्रोसेसरचा वेग मात्र त्यांनी जवळजवळ तोच ठेवला, मूळ १.७९ मेगाहर्ट्झ तर हा १.७७, त्यामुळे सुरांची पट्टी बदलली नाही, फक्त लय संथ झाली. आपण सगळे त्या लयीत खेळलोय. दादांच्या बोटांना ५०ची उडी माहीत आहे.

रशियात हीच यंत्रं डेंडी नावाने १९९२ पासून विकली गेली म्हणून इम्युलेटरमधे (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधे) या प्रकाराला डेंडी म्हणतात. रेट्रोपायमधल्या एफसीईयूएमएम या इम्युलेटरच्या पर्यायांत जाऊन रीजन डेंडी करा. आणि एचडीएमआयचा रिफ्रेशही ५० करा, नाहीतर ६०च्या पडद्यावर ५० चित्रं अडखळत दिसतात.

मोर्णाकाठ:

केलं. दादाला काही न सांगता परत पॅड हातात दिला. पहिल्याच पातळीत वर चढून गुप्त नळात गेला आणि मग माझ्याकडे बघितलं. काय बदललंस म्हणाला. त्याच्या लेकीला ५० आणि ६० दोन्ही दाखवलं, तिला ६०चं आवडलं. आता दोन वेगळे आयकॉन ठेवलेत.

पण खरी अडचण वेगळीच आलीय. डेस्कटॉपवर स्क्रॅच छान चालतं, पायथन चालतं. मराठीसाठी लोहित देवनागरी फाँट टाकला (आधी नुसते चौकोन येत होते) आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा कीबोर्ड लेआउट लावला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, पुतणीला दोन दिवसांत अंगवळणी पडलं. आणि मग ती जरा भराभर टाइप करायला लागली तशी मधेच भलतीच अक्षरं उमटायला लागली. हळू टाइप केलं तर एकही चूक नाही. इंग्रजीत पण फारसं होत नाही. मराठीतच होतं. मी कोष्टक चार वेळा तपासलं.

पिना_मोजतो:

ताई, ही घोस्टिंग. मेंब्रेनमधे प्रत्येक कीला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नसतो. आडव्या-उभ्या रेघांच्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या की एकदम दाबल्या गेल्या की करंट उलट वाटेने फिरून चौथा कोपराही दाबलाय असं पिकोला दिसतं. इंग्रजीत शिफ्ट क्वचित लागते म्हणून जाणवत नाही. इनस्क्रिप्टमधे आ, ई, ख, थ, ध, भ, श, ळ, ण सगळे शिफ्टवर, आणि भराभर टाइप करताना पहिली की सुटायच्या आत दुसरी दाबली जाते. शिफ्ट अधिक दोन, झाल्या तीन.

क्यूएमके नावाच्या दुसऱ्या कीबोर्ड फर्मवेअरमधे भूत ओळखून ते अक्षर गाळायची सोय आहे, पण मग खरं अक्षरही कधी कधी गळतं. त्यापेक्षा शिफ्टच या जाळ्यातून बाहेर काढा. उरलेल्या दोन कींनी भूत होत नाही, तीन लागतात. तुमच्या २६पैकी २१ आणि पॅडच्या ४ गेल्या म्हणजे एक पिन उरलीय ना, तीच वापरा.

मोर्णाकाठ:

झालं!

दोन्ही शिफ्टच्या खाली मेंब्रेनच्या वर पातळ टॅक्ट स्विच (दाबायची छोटी बटणं) चिकटवले, मेंब्रेन आणि त्यांच्या मधे प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे खालची जुनी रेघ टेकतच नाही. दोघांच्या वायरी एकत्र करून पिकोच्या उरलेल्या शेवटच्या पिनेला. केएमकेमधे जाळ्यासाठी एक आणि सुट्या कीसाठी एक असे दोन स्कॅनर लावता येतात. २१ आणि ४ आणि १, सगळ्या २६ संपल्या. जुना बोर्ड परत बसवायचा झाला तर ते दोन स्विच चिमट्याने उचलले की झालं, @जुनं_ते.

बाई, तुम्ही म्हणालात म्हणून लिहितेय. तिने पहिला प्रोग्राम पायथनमधे केला, नाव विचारतो आणि त्या नावात किती अक्षरं आहेत ते सांगतो. शाळेच्या निबंधाचा विषय माझा प्रदेश होता म्हणून तिने त्यात वऱ्हाड टाकलं. शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू, असं त्यातलं ऱ्ह येतं, पूर्वी याच शब्दाला हमखास भूत यायचं, आता एकदम स्वच्छ आला. पण प्रोग्रामने उत्तर दिलं ६. ती बोटांवर मोजून म्हणाली तीनच तर आहेत. मग आम्ही एकेक सुटं छापून बघितलं, व, ऱ, पाय मोडायची खूण, ह, काना, ड. कॉम्प्युटर काना वेगळा मोजतो हे तिला फार विचित्र वाटलं, आता ती काने-मात्रा सोडून मोजणारा प्रोग्राम लिहायला बसलीय आणि मला हात लावू देत नाहीये.

बाईंचा_वर्ग:

तिला लिहू द्या. चुकलं तरी दहा मिनिटं काही सांगू नका.

रंकाळा:

लई भारी. आमची कॅसेट सार्थकी लागली बघा.

नवखा_सांगली:

नमस्कार, धागा शोधत शोधत इथे आलो. आमच्याकडे पण असाच एक सापडलाय, आत्याच्या घरी. कीबोर्डाची शेपटी अर्धी फाटलीय आणि दिवाही लागत नाही. शेपटीचा फाटका भाग कात्रीने सरळ कापून नवीन टोक केलं तर चालेल का?

मोर्णाकाठ:

कापू नका! टोकाला रेघांवर जो काळा कार्बनचा थर असतो तोच सॉकेटमधे धरतो, आतल्या भागावर वरून प्लास्टिकचं आवरण असतं, कापलं तर काहीच टेकणार नाही. दिव्याचं नंतर बघू, आधी अडॅप्टर न लावता दोन्ही बाजूंनी बोर्डाचे आणि शेपटीचे फोटो टाका, शेपटीशेजारी एक पट्टी ठेवून काढा म्हणजे अंतर मोजता येईल.